एका चौकातला एकच इतिहास

अलाबामा राज्यात जानेवारीचा तिसरा सोमवार सरकारी सुट्टीचा असतो आणि ही एक सुट्टी दोन माणसांच्या नावे आहे: मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट ई. ली. एकाने राज्याची राजधानी माँटगोमेरी इथल्या बसमधला वर्णभेद मोडणाऱ्या लढ्याचे नेतृत्व केले. दुसरा गुलामगिरी राखण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, सेनापती. याशिवाय एप्रिलमध्ये कॉन्फेडरेट स्मृतिदिन आणि जूनमध्ये कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याची जयंती या सुट्ट्या आहेतच. अमेरिकेच्या दक्षिणेत इतिहासाचे काय करायचे, हा वाद २०२५ मध्ये पुन्हा पेटला. जानेवारीत हवाई दलाच्या प्राथमिक प्रशिक्षणातून दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांवरच्या चित्रफिती काढल्या गेल्या आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच परत आल्या. मार्चमध्ये जॉर्जियातल्या लष्करी तळाला पुन्हा 'बेनिंग' हे नाव मिळाले. फक्त हा बेनिंग पहिल्या महायुद्धातला एक सैनिक आहे, १९१८ साली ज्याच्या नावाने तळ उभा राहिला तो कॉन्फेडरेट जनरल नव्हे, असा खुलासा झाला. एक पक्ष म्हणतो, हा लष्करी वारसा आहे, हात लावू नका. दुसरा म्हणतो, सगळे उपटून टाका. आणि स्वतःला समजूतदार म्हणवणारा तिसरा पक्ष म्हणतो, लष्करी इतिहास आणि नागरी हक्कांचा इतिहास, दोन्ही शेजारी शेजारी नांदू द्या.

तिन्ही पक्षांची सुरुवातच चुकते, कारण तिघेही दोन इतिहास आहेत असे धरून चालतात. माँटगोमेरीपुरते बोलायचे तर इतिहास एकच आहे. तो कापून दोन कप्प्यांत भरण्याचे काम पुढे ठरवून झाले, आणि ते कोणी, केव्हा, कोणाचा मताधिकार काढून घेऊन केले, याची कागदोपत्री नोंद आहे. म्हणून माझे म्हणणे असे: घटना जिथे घडली ती जागा राखावी, नंतर लादलेली नावे आणि गौरवचिन्हे बदलण्याचा हक्क त्या शहराच्या आजच्या नागरिकांना असावा, आणि हा हक्क हिरावून घेणारा अलाबामाचा २०१७ चा स्मारक संरक्षण कायदा रद्द व्हावा.

कोर्ट स्क्वेअर या चौकात उभे राहिले की मुद्दा नकाशावरच दिसतो. अलाबामा नदीच्या धक्क्यावरून कॉमर्स स्ट्रीट वर चढून या चौकात येतो. बोटीतून आणि पुढे रेल्वेने आणलेली गुलाम माणसे याच रस्त्याने चालवत आणत आणि इथे लिलावात विकत. १८६० मध्ये माँटगोमेरी काउंटीतले दर तीन माणसांपैकी जवळजवळ दोन गुलाम होते. चौकाच्या कडेला विंटर बिल्डिंग आहे. ११ एप्रिल १८६१ रोजी तिथल्या तार कार्यालयातून कॉन्फेडरसीचा युद्धमंत्री लिरॉय पोप वॉकर याने चार्ल्स्टनला तार पाठवून तिथल्या बंदरातल्या, अमेरिकेच्या सैन्याच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागण्याची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला पहिला गोळा सुटला आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. याच चौकातल्या थांब्यावर १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिल्याने त्यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर बहिष्कार टाकला. चौकातून डेक्स्टर अव्हेन्यू चढत जेमतेम एक किलोमीटर गेले की राज्याचे विधानभवन, कॅपिटॉल, लागते. त्याच्या पायऱ्यांवर १८ फेब्रुवारी १८६१ रोजी डेव्हिसने शपथ घेतली. वाटेत, कॅपिटॉलच्या अलीकडेच, डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथली मंडळी १८७७ मध्ये प्रथम जमली ती गुलामांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या कोंडवाड्यात, आणि १९५४ मध्ये तिथे पाळक म्हणून आले किंग. या एका रस्त्यात लष्करी इतिहास कुठे संपतो आणि हक्कांचा कुठे सुरू होतो, याची रेघ कोणी ओढून दाखवावी.

वारसावाद्यांचा सर्वांत जड मुद्दा आधी घेतो, कारण तो पोकळ नाही. कॅपिटॉलच्या आवारातला उंच कॉन्फेडरेट स्तंभ हा मेलेल्या सैनिकांचा आहे, असे ते म्हणतात. त्यांतले बरेच जण गरीब शेतकऱ्यांची पोरे होती, एकही गुलाम नसलेल्या घरांतली. १८६२ नंतर तर सक्तीच्या भरतीने ओढून नेलेली. त्यांच्या आया-बहिणींचे दुःख खरे होते. हे मान्य. पण मग दुसरा प्रश्न विचारावाच लागतो: अलाबामाचे मेलेले सैनिक एवढेच होते का? गुलामगिरीतून निसटून संघराज्याच्या, म्हणजे कॉन्फेडरसीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या, सैन्यात भरती झालेले सुमारे पाच हजार कृष्णवर्णीय सैनिक अलाबामाच्या नावावर जमा आहेत. उत्तर अलाबामाच्या डोंगराळ भागातले दोन हजारांहून अधिक गोरेही संघराज्याच्या बाजूने लढले. त्यांच्या आया अलाबामाच्या नव्हत्या? सैनिकांचा सन्मान हाच हेतू असता तर ती नावे त्या दगडावर आली असती. स्तंभाची कोनशिला १८८६ मध्ये खुद्द जेफरसन डेव्हिसच्या हातून बसवली गेली आणि त्याचे लोकार्पण १८९८ मध्ये झाले. जिथे डेव्हिसने शपथ घेतली तिथे पितळी तारा बसला १८९७ मध्ये. डेव्हिसचा पुतळा उभा राहिला १९४० मध्ये, म्हणजे युद्ध संपून पंचाहत्तर वर्षे झाल्यावर. शोक इतका उशिरा पुतळे उभारत नाही.

मग त्या वर्षांत चालले काय होते? १९०१ मध्ये याच कॅपिटॉलमध्ये अलाबामाची नवी राज्यघटना लिहिली गेली. राज्यात गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे हाच हेतू आहे, असे घटना समितीचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्घाटनाच्या भाषणातच उघड सांगितले. तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. मतदार व्हायचे तर लिहिता-वाचता येणे, नोकरी किंवा मालमत्ता असणे, आणि वर्षाला दीड डॉलर मतकर भरणे. हा कर साचत जाई. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून एकदाही न भरलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाची बाकी ३६ डॉलरपर्यंत पोचे. अशा अटींत गरीब गोरेही अडकले असते. म्हणून पळवाट ठेवली: ज्याने युद्धात संघराज्याच्या किंवा कॉन्फेडरसीच्या सैन्यात चाकरी केली असेल तो आणि त्याचे वंशज यांना १९०२ अखेरपर्यंत साक्षरता-मालमत्तेच्या अटींशिवाय कायमची नोंदणी. लष्करी सेवा हा मताधिकाराचा दाखला झाला. नियम कागदावर कृष्णवर्णीय सैनिकालाही लागू होता, पण नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळे सोपवलेले होते. १९०३ पर्यंत संपूर्ण राज्यात कृष्णवर्णीय मतदार उरले सुमारे तीन हजार. माँटगोमेरीचे जॅक्सन जाइल्स त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०३ मध्ये हरले. राज्यातले लोकच मिळून एखाद्याला मत देऊ देत नसतील तर त्यावर न्यायालयाच्या हुकुमाचा उपयोग नाही, दाद राजकीय मार्गाने मागा, असा त्या निकालाचा आशय होता. ज्याचे मतच काढून घेतले आहे त्याने राजकीय मार्ग कुठून शोधायचा? 'लष्करी वारसा' आणि 'नागरी हक्क' हे दोन स्वतंत्र विषय आहेत असे म्हणणाऱ्याने ते सैनिकांचे कलम एकदा वाचावे. युद्धाची आठवण हीच हक्क काढून घेण्याची कात्री होती.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटायचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्याच वर्षी अलाबामाचे जेम्स रेपियर हे कृष्णवर्णीय नेते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बसले होते. पुढच्या तीस वर्षांत ते दार कसे बंद झाले हे वर आलेच आहे. आपल्याकडेही १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये जो अर्ज केला तो भरतीसाठी होता, पण मागणी माणुसकीच्या दर्जाची होती. सैन्यातली नोकरी म्हणजे शाळा, पगार, पेन्शन आणि ताठ मान. सुभेदार रामजींच्या घरात हे सगळे होते, आणि १९२७ च्या महाडच्या परिषदेसाठी लोक जमवण्यात लष्करी पेन्शनर पुढे होते. शिपायाचा गणवेश आणि पाण्यावरचा हक्क यांचा संबंध ज्याला कळतो, त्याला माँटगोमेरीही कळेल.

आता दुसरा भक्कम मुद्दा, जो लष्कराच्या बाजूचे लोक मांडतात. ते म्हणतात, उलट सैन्यानेच दक्षिणेला समतेचा धडा दिला. माँटगोमेरीच्या कडेला मॅक्सवेल हा हवाई दलाचा तळ आहे. १९१० मध्ये राइट बंधूंनी तिथे वैमानिकांची शाळा काढली होती. १९३१ मध्ये हवाई डावपेचांचे विद्यालय तिथे आले. रोझा पार्क्स १९४१ मध्ये या तळावर कामाला होत्या. तळाच्या आतल्या गाडीत काळे-गोरे एकत्र बसत. फाटकाबाहेर शहराची बस लागली की मघाशी शेजारी बसलेली गोरी बाई पुढे आणि पार्क्स मागे. वेगळेपण हा निसर्गनियम नाही, फाटकापाशी सुरू होणारा नगरपालिकेचा नियम आहे, हे त्यांना तिथे रोज दिसले, आणि मॅक्सवेलने आपले डोळे उघडले असे त्यांनी पुढे सांगितलेही. जुलै १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी ९९८१ क्रमांकाच्या आदेशाने सैन्यदलांत समान वागणुकीचे धोरण जाहीर केले. १९६१ मध्ये माँटगोमेरीच्या बसस्थानकावर फ्रीडम रायडर्सना, म्हणजे लांबच्या बसमधला वर्णभेद मोडायला एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना, मारहाण झाली तेव्हा केंद्राने धाडलेल्या मार्शलांचा मुक्कामही मॅक्सवेलवरच होता.

हे सगळे खरे आहे, आणि हक्कवाद्यांनी ते लपवता कामा नये. पण त्यावरून 'सैन्याने दिले' हा निष्कर्ष निघत नाही. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी आणि १९४८ मध्ये भरतीवर बहिष्काराची धमकी, दोन्ही ए. फिलिप रँडॉल्फ यांनी दिल्या आणि मगच आदेश निघाले. रँडॉल्फ हे रेल्वेच्या पुलमन डब्यांतल्या पोर्टरांच्या संघटनेचे पुढारी. त्याच संघटनेचे माँटगोमेरीतले म्होरके ई. डी. निक्सन, आणि पार्क्सना जामिनावर सोडवायला तुरुंगात गेले ते हेच निक्सन. तळावरची एकत्र गाडी आणि शहरातला बहिष्कार यांच्यामागे एकच संघटना उभी दिसते, मग श्रेय लष्कराच्या खात्यावर कसे मांडायचे? शिवाय तळाच्या भिंती वाटतात तितक्या जाड नव्हत्या. व्हायोला व्हाइट या मॅक्सवेलवर काम करणाऱ्या बाईंनी १९४४ मध्येच जागा सोडायला नकार दिला, मार खाल्ला, दंड झाला, अपील केले. दहा वर्षांनी त्या वारल्या तरी अपील सुनावणीला आलेच नव्हते. पार्क्स यांचे पती रेमंड तळावर न्हावीकाम करत. बहिष्काराविषयी आणि पत्नीविषयी दुकानात बोलायचे नाही अशी ताकीद मिळाल्यावर त्यांनी ते काम सोडले. पार्क्स यांचे बंधू सिल्व्हेस्टर दुसऱ्या महायुद्धात युरोप आणि पॅसिफिक दोन्हीकडे जाऊन आले. परत आल्यावर ना मत, ना काम, आणि ते डेट्रॉइटला निघून गेले. १९५० मध्ये हिलिअर्ड ब्रुक्स हा माजी सैनिक माँटगोमेरीत बसमधल्या वादातून पोलिसाच्या गोळीने मेला. गणवेश उतरला की संरक्षणही उतरत होते.

बहिष्काराची हकीकत शाळेत सांगतात तशी, एक थकलेली बाई आणि एक चांगला वक्ता, एवढीच ठेवली की तीही लष्करी इतिहासापासून सोयीस्करपणे तुटते. ३६ आसनांची बस. पुढची दहा गोऱ्यांची, मागची दहा कृष्णवर्णीयांची, मधली सोळा चालकाच्या मर्जीवर. भाडे पुढच्या दाराने द्यायचे आणि उतरून मागच्या दाराने चढायचे. तेवढ्यात बस निघून गेली तर पैसे बुडाले. ५ डिसेंबर १९५५ ला बहिष्कार सुरू झाला तेव्हाची मागणी वर्णभेद मोडण्याचीही नव्हती: सौजन्याने बोला, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक घ्या, आणि मागून कृष्णवर्णीय, पुढून गोरे, असे येतील तसे बसू द्या. ही शेवटची पद्धत अलाबामातल्याच मोबील शहरात चालू होती. एवढेही नाकारले गेले. सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या टॅक्स्या बसइतकेच, दहा सेंट भाडे घेत. शहराने टॅक्सीला किमान ४५ सेंटचा नियम दाखवून ते बंद पाडले. मग बॅटन रूजच्या १९५३ च्या बहिष्काराचा अनुभव विचारून खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली: सुमारे ३०० गाड्या, सकाळी माणसे वाटण्याची ४८ आणि संध्याकाळी गोळा करण्याची ४२ ठिकाणे. गाड्यांचे विमे रद्द करवले गेले तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. ही व्यवस्था लष्करी शिस्तीने चालते, असे वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या व्हाइट सिटिझन्स कौन्सिललाही आपल्या बैठकीत कबूल करावे लागल्याचे किंग यांनी नोंदवले आहे. किंग यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले राल्फ अॅबरनथी महायुद्धात सैन्यात होते. रसद, वेळापत्रक, पर्यायी मार्ग आणि हल्ला झाल्यावर फळी न मोडू देणे, हे ३८१ दिवस शस्त्राविना चालले. अहिंसा म्हणजे नुसती सदिच्छा असे समजणाऱ्यांनी ही यंत्रणा पाहिलेलीच नसते. आणि अखेर बस मोकळी झाली ती ज्या खटल्यामुळे त्यात पार्क्स वादीही नव्हत्या. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुइझ स्मिथ आणि मार्च १९५५ मध्ये पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन, या चौघींच्या नावावर तो निकाल आहे.

राहिला तिसरा आक्षेप: स्मारके हलवली तर पुरावा नष्ट होतो, आणि आज एक बहुमत काढेल तर उद्या दुसरे बहुमत हक्कांच्या लढ्याच्या खुणाही काढेल. या भीतीत तथ्य आहे. म्हणूनच मी डेव्हिसचा पितळी तारा उखडा असे म्हणत नाही. तो तिथेच असू द्या. फक्त शेजारी '१८९७' हे साल आणि त्याच इमारतीतल्या १९०१ च्या घटनेचे सैनिक-कलम तितक्याच ठळक अक्षरांत कोरा. विंटर बिल्डिंगची तर एक वीटही हलू नये. पण २०१७ च्या कायद्याने केले काय? सार्वजनिक जागेवरचे ४० वर्षांहून जुने स्मारक हलवायचे नाही, झाकायचे नाही, त्याचे नाव बदलायचे नाही. २० ते ४० वर्षांचे असेल तर राज्याच्या समितीची परवानगी. उल्लंघनाला २५,००० डॉलर दंड. बर्मिंगहॅम शहराने एका स्तंभाभोवती नुसत्या फळ्या उभारल्या, तर प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये शहर हरले. चाळीस वर्षे हा आकडा तटस्थ दिसतो, तो तसा नाही. २०१७ मधून ४० वजा केले की १९७७ येते. कृष्णवर्णीयांच्या हाती मत खऱ्या अर्थाने आले १९६५ च्या केंद्राच्या मताधिकार कायद्यानंतर. म्हणजे जे पक्के संरक्षित झाले ते जवळजवळ सगळे अशा काळातले, जेव्हा शहराच्या मोठ्या हिश्श्याला विचारलेच गेले नव्हते. १९८९ चे नागरी हक्क स्मारक आणि २०१८ मध्ये खुले झालेले, झुंडबळींच्या आठवणीत आठशेहून अधिक पोलादी खांब टांगलेले स्मारक, ही दोन्ही खासगी संस्थांच्या जागेवर आहेत. या कायद्याची सावली त्यांच्यावर पडतच नाही. सार्वजनिक जमीन एकाच्या आठवणींनी आधीच भरून ठेवायची आणि दुसऱ्याने आपल्या आठवणींसाठी जागा विकत घ्यायची, याला पुराव्याचे रक्षण म्हणता येईल का?

पुराव्याचाच आग्रह असेल तर नावांच्या तारखा हाही पुरावा आहे. माँटगोमेरीत रॉबर्ट ई. ली हायस्कूल उघडले १९५५ मध्ये, शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्याच्या पुढच्याच वर्षी. जेफरसन डेव्हिस हायस्कूल १९६८ मध्ये. कॅपिटॉलच्या घुमटावर कॉन्फेडरेट झेंडा चढवला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी एप्रिल १९६३ मध्ये, केंद्राचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी वर्णभेदाच्या प्रश्नावर भेटायला आले त्या दिवशी. यांत १८६१ ते १८६५ चे काही नाही. हे १९५५, १९६३ आणि १९६८ चे राजकारण आहे, आणि राजकारणाने दिलेले नाव राजकारणाने बदलता आले पाहिजे.

२०२१ मध्ये शहराने जेफ डेव्हिस अव्हेन्यूला फ्रेड ग्रे यांचे नाव दिले. बहिष्काराच्या वेळी जेमतेम पंचविशीचे असलेले, पार्क्स आणि त्या चौघींचे वकील ग्रे याच रस्त्यावर वाढले. राज्याने शहराकडे २५,००० डॉलर दंड मागितला. पुढे शाळा मंडळाने डेव्हिस हायस्कूलला न्यायाधीश फ्रँक जॉन्सन, राल्फ अॅबरनथी आणि गोरे पाळक रॉबर्ट ग्रेट्झ यांचे, आणि ली हायस्कूलला पर्सी ज्युलियन यांचे नाव ठरवले. ज्युलियन १८९९ मध्ये माँटगोमेरीत जन्मले. काचबिंदूवरच्या औषधातला फायसोस्टिग्माइन हा घटक त्यांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला. ते शिकत होते तेव्हा आठवीनंतर कृष्णवर्णीय मुलांना जाता येईल असे एकही सरकारी हायस्कूल या शहरात नव्हते.